दाराची दुसरी कडी

मोप येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरलेला पर्यटक भाड्याची मोटार ताब्यात घेतो, तेव्हा एक ठरलेला सोपस्कार पार पडतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या त्या गाडीभोवती फेरी मारून जुन्या ओरखड्यांची छायाचित्रे टिपली जातात, परवाना पाहिला जातो, अनामत रक्कम ठरते. गाडी विद्युत असेल तर ती कोठे आणि कशी चार्ज करायची तेही सांगितले जाते. दार कसे उघडायचे हे मात्र कोणी सांगत नाही. ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असे कोणाला वाटतही नाही, आणि त्यात नवल काही नाही. कडी ओढली की दार उघडते हे ज्ञान लहान मुलालाही असते. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत बाजारात आलेल्या अनेक मोटारींच्या बाबतीत हे ज्ञान अपुरे ठरू लागले आहे, आणि ते अपुरे ठरते ते नेमक्या वाईट वेळी.

पेडणे तालुक्याला हा विषय दूरचा राहिलेला नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोप विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. तेव्हापासून धारगळ, मालपे, पत्रादेवी या राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील पट्ट्यात आणि तेथून मांद्रे, मोरजी, हरमलकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर बाहेरच्या चालकांची संख्या वाढली आहे. जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी जानेवारी २०२४ पासून राज्यात नव्याने येणारी पर्यटक वाहने, भाड्याच्या मोटारी आणि दुचाक्यांसह, विद्युत असतील असे जाहीर केले होते. अनोळखी चालक, अनोळखी रस्ता आणि अनोळखी गाडी असा तिहेरी योग येथे रोज जुळून येतो. म्हणून विद्युत मोटारीचे दार नेमके कसे उघडते, हे एकदा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

तारेकडून बटणाकडे

जुन्या पद्धतीच्या दाराची रचना साधी आहे. गाडीच्या चौकटीवर एक लोखंडी आकडा पक्का बसवलेला असतो. दारातील फिरता खटका त्या आकड्याला मिठी मारतो आणि एक छोटा अडसर त्या खटक्याला जागेवर धरून ठेवतो. आपण आतली किंवा बाहेरची कडी ओढतो, तेव्हा तिला जोडलेली तार किंवा सळी त्या अडसराला बाजूला सारते. बस्स, एवढेच. गाडीची बॅटरी मेलेली असो, इंजिन जळालेले असो वा गाडी चिखलात रुतलेली असो, हाताचा जोर थेट अडसरापर्यंत पोहोचतो.

नव्या रचनेत आकडा, खटका आणि अडसर तेच राहतात. बदलते ती तार. कडीच्या जागी बटण येते. बटण दाबले की संदेश एका नियंत्रकाकडे जातो. गाडी थांबलेली आहे ना, दार आतून बंद करून ठेवलेले नाही ना, चाइल्ड लॉक लावलेले नाही ना, हे तो तपासतो आणि मग दारातील एका लहानशा मोटरला वीज देतो. ती मोटर अडसर सरकवते. म्हणजे येथे आपण दार उघडत नाही, दार उघडण्याची विनंती करतो. ती मान्य करण्यासाठी वीज असावी लागते, तारा शाबूत असाव्या लागतात आणि नियंत्रक शुद्धीवर असावा लागतो.

उत्पादकांनी हे निव्वळ हौसेखातर केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्युत मोटारीत एका चार्जवर किती किलोमीटर जाता येते याला फार महत्त्व असते आणि वाऱ्याचा विरोध जितका कमी तितके अंतर वाढते. दाराच्या पत्र्यात बुडून बसणारी बाहेरची कडी या हिशेबात बसते, जरी तिच्यामुळे होणारी बचत अगदी थोडी असली तरी. शिवाय अनेक नव्या गाड्यांच्या खिडक्यांना चौकट नसते. अशा दाराची काच वरच्या रबरी पट्टीत घट्ट बसलेली असते. दार उघडण्यापूर्वी ती बोटभर खाली सरकवावी लागते आणि हे काम बटणामुळे आपोआप होते. राहता राहिले दिसणे. २०१२ साली टेस्लाने मॉडेल एस बाजारात आणली, तेव्हा तिच्या दारातून आपोआप बाहेर येणाऱ्या कड्यांची चर्चा जगभर झाली, आणि मग ज्याला आपली गाडी आधुनिक दाखवायची होती त्या प्रत्येकाने कडी लपवण्यास सुरुवात केली. माझ्या मते या तिन्ही कारणांत शेवटचे कारण सर्वांत बलवान ठरले.

मोठी बॅटरी भरलेली, दार मात्र मृत

विद्युत मोटार म्हटली की गाडीच्या तळाशी पसरलेली मोठी बॅटरी डोळ्यांपुढे येते. तिचा दाब काही शे व्होल्टचा असतो आणि तिचे काम चाके फिरवण्याचे. दारे, काचा, दिवे, भोंगा, पडदा यांना वीज मिळते ती दुसऱ्या, लहान बॅटरीकडून. ती बहुधा १२ व्होल्टची असते, आपल्या पेट्रोल गाडीत असते तशीच. गाडी सुरू असताना मोठी बॅटरी या लहान बॅटरीला सतत भरत राहते.

जोराची टक्कर झाली की गाडी स्वतःहून मोठ्या बॅटरीचा संबंध तोडते. हे योग्यच आहे; अन्यथा गाडीचा पत्रा कापणाऱ्या अग्निशमन जवानाला प्राणघातक झटका बसेल. पण त्या क्षणापासून लहान बॅटरी एकटी पडते. ती पुढच्या बाजूला असेल आणि टकरीत चेपली गेली, तिची तार तुटली किंवा आगीत वितळली, तर दाराचे बटण आणि काचेचे बटण ही दोन्ही एकदम निकामी होतात. पडद्यावर मघापर्यंत ऐंशी टक्के चार्ज दिसत होता, याचा मग काही उपयोग नसतो. काही उत्पादक दारासाठी राखीव विजेची वेगळी सोय करतात, पण सगळे करत नाहीत.

यासाठीच अशा बहुतेक गाड्यांत दुसरी, यांत्रिक कडी ठेवलेली असते. ती विजेवाचून चालते. प्रश्न आहे तो ती सापडण्याचा. टेस्लाच्या मॉडेल वाय गाडीत पुढच्या दाराला काचेच्या बटणांजवळ एक छोटी पट्टी असते. ती वर ओढली की दार उघडते. ती इतकी हाताशी आहे की नवखे प्रवासी अनेकदा चुकून तीच ओढतात. मागच्या दारांची गोष्ट मात्र निराळी. तेथे दाराच्या खालच्या खणातील चटई उचलायची, तिच्याखालचे झाकण काढायचे आणि आतली तार पुढे ओढायची. या मॉडेलच्या काही जुन्या गाड्यांत मागच्या दाराला ही सोयदेखील नाही. मॉडेल एक्स या मोठ्या गाडीत तर मागच्या दाराची तार स्पीकरच्या जाळीआड असते. धुराने भरलेल्या गाडीत, अंधारात, भेदरलेल्या माणसाने स्पीकरची जाळी उचकटावी अशी अपेक्षा कोणी कागदावर तरी कशी लिहिली असेल, असा प्रश्न पडतो.

सोय असणे आणि सोय दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद विद्युत मोटारींच्याही आधीचा आहे. जून २०१५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात ७२ वर्षांचे एक गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा एका उपाहारगृहाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटारीत उष्म्याने मरण पावले. गाडी होती २००७ सालची शेवरले कॉर्व्हेट, म्हणजे शुद्ध पेट्रोलवर चालणारी. तिच्या बॅटरीची तार सैल झाली होती, त्यामुळे दाराचे बटण चालले नाही आणि भोंगाही वाजला नाही. विजेवाचून दार उघडणारी कडी आसनाच्या बाजूला जमिनीलगत होती. ती त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर असेल.

जगाने उशिरा घेतलेली दखल

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी कॅनडातील टोरांटो शहरात मॉडेल वाय गाडीला अपघात होऊन आग लागली. आतल्या पाचपैकी चौघांचा मृत्यू झाला. त्यांत भारतीय होते. एक तरुणी वाचली ती रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाने बाहेरून काच फोडली म्हणून. महिनाभरात, २७ नोव्हेंबर रोजी, कॅलिफोर्नियातील पिडमाँट येथे सायबरट्रक जळाला आणि तीन महाविद्यालयीन तरुण दगावले. मागून दुसऱ्या गाडीने येणाऱ्या मित्राने झाडाच्या फांदीने काच फोडून चौथ्याला बाहेर ओढले. अशा अपघातांत प्रचंड वेग आणि चालकाची अवस्था ही कारणे असतातच, आणि दार उघडले असते तर सगळे वाचले असते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण दोन्हीकडे जो वाचला तो दारातून आला नाही, फुटलेल्या काचेतून आला, ही नोंद महत्त्वाची आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०२१ सालच्या सुमारे १ लाख ७४ हजार मॉडेल वाय गाड्यांची प्राथमिक चौकशी सुरू केली. येथे तर अपघातही नव्हता. आईवडील मुलाला मागच्या आसनावर बसवून वा उतरवून घेण्यासाठी गाडीबाहेर आले, दार लागले आणि बाहेरच्या कड्या चालेनात. लहान बॅटरीचा दाब उतरला होता. चार तक्रारींत पालकांना काच फोडावी लागली. आतली यांत्रिक कडी होती, पण पट्ट्यात बांधलेल्या तान्ह्या मुलाला तिचा काय उपयोग? त्याच महिन्यात टेस्लाचे रचनाप्रमुख फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन यांनी विजेची आणि हाताची अशा दोन्ही कड्या एकत्र आणण्याचे काम चालू असल्याचे सांगितले. म्हणजे घाबरलेला माणूस जी कडी सवयीने ओढेल, तीच आणखी जोराने ओढली की यांत्रिक खटका सुटावा. कल्पना सोपी आहे. जर्मन आणि जपानी उत्पादकांच्या काही गाड्यांत अशा धाटणीच्या कड्या पूर्वीपासून आहेत.

सर्वांत कठोर पाऊल उचलले ते चीनने, जेथे जगातील सर्वाधिक विद्युत मोटारी धावतात. मार्च २०२५ मध्ये आन्हुई प्रांतात शाओमीच्या एसयू७ गाडीला लागलेल्या आगीत तीन तरुणी मरण पावल्या. ऑक्टोबरमध्ये छंगदू शहरात त्याच कंपनीची जळती गाडी उघडण्यासाठी लोक बाहेरून दार ओढत, काचेवर लाथा मारत असल्याची चित्रफीत सर्वदूर पसरली. दार काही उघडले नाही. त्यानंतर तेथे झालेल्या नियमानुसार १ जानेवारी २०२७ पासून नव्या मोटारींच्या दारांना आतून आणि बाहेरून वीज नसतानाही उघडणारी यांत्रिक कडी बंधनकारक होत आहे, आणि बाहेरच्या कडीत हात घालता येईल एवढी जागाही ठेवावी लागणार आहे. पत्र्यात गुडूप होणाऱ्या कड्यांचा जमाना ज्या देशाने सर्वाधिक फुलवला, त्यानेच तो आटोपता घेतला.

आपल्याकडे काय आहे?

भारतातील नियम या बाबतीत अगदीच मागे नाहीत. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाचा इशारा आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले. त्याच यादीत सेंट्रल लॉक बिघडल्यास दार हाताने उघडता येण्याची सोयही होती. वर्तमानपत्रांनी मथळे दिले ते एअरबॅगला. दाराचे कलम कोणाच्या लक्षात राहिले नाही. त्याच सुमारास टॅक्सी म्हणून नोंद होणाऱ्या नव्या मोटारींत चाइल्ड लॉक नसावे असाही नियम आला. मागे बसलेल्या महिलेला, विशेषतः एकट्या महिलेला, स्वतःहून उतरता यावे हा त्यामागील हेतू होता. टकरीच्या चाचणीनंतर प्रत्येक आसनरांगेचे किमान एक दार हत्याराविना उघडले पाहिजे, अशीही अट आहे. पण चाचणीगृहातील दार टकरीनंतर लगेच तपासले जाते. रस्त्यावर आग पसरायला लागणारी पाच-दहा मिनिटे आणि त्या काळात वितळणाऱ्या तारा तेथे नसतात.

येथे एक दिलासाही नोंदवला पाहिजे. चाकणला किंवा साणंदला तयार होणाऱ्या आपल्या बहुतांश विद्युत मोटारींत दाराची आतली कडी अजून तार ओढणारीच आहे. आपल्याकडे लपली आहे ती मुख्यतः बाहेरची. टाटा कर्व्ह आणि एमजी विंडसर या गाड्यांत ती दिसते, तशी ती पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या महिंद्र एक्सयूव्ही ७०० मध्येही दिसते. टक्कर झाल्यावर दारे आपोआप अनलॉक व्हावीत अशी योजना आता बहुतेक गाड्यांत असते. पण वीज गेल्यावर पत्र्यात बुडालेली कडी बाहेर आलीच नाही, तर मदतीला धावलेल्या माणसाच्या हाती धरायला काही लागत नाही. आतून उघडणारे दार बेशुद्ध प्रवाशाच्या कामाचे नसते, हे विसरून चालणार नाही.

आतूनही केवळ बटणावर चालणाऱ्या गाड्या येऊ लागल्या आहेत, हेही खरे. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे देशातील पहिले दालन उघडले आणि ५ सप्टेंबरला पहिली मॉडेल वाय महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्या स्वाधीन झाली. मुंबईच्या अशा गाड्या सुट्टीत कोकणातून उतरत पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणीबाणीची वाट न सापडल्याने माणसे जातात, हे महाराष्ट्राने आणि गोव्याने अलीकडे वारंवार पाहिले आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात खासगी बस दाराच्या बाजूवर उलटली, दार जमिनीखाली दाबले गेले आणि २५ जण होरपळून गेले. जे आठ वाचले त्यांतील काही खिडकीची काच फोडून निघाले होते. १९ मार्च २०२५ रोजी पुण्यात हिंजवडी येथे कर्मचाऱ्यांच्या मिनी बसला आग लागली. पुढचे उतरले, मागचे दार उघडेना म्हणून मागच्या चौघांचा अंत झाला. ती आग चालकानेच लावल्याचे पोलिसांनी पुढे सांगितले, पण मागचे दार का उघडले नाही हा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. आणि डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाईट क्लबच्या आगीत २५ जण दगावले, तेव्हा अरुंद वाटा आणि तळघरात कोंडलेले कामगार यांची चर्चा साऱ्या गोव्याने केली. या वाहनांपैकी एकही विद्युत नव्हते आणि क्लब तर वाहनही नव्हे. समान धागा एवढाच की, बाहेर पडण्याची वाट शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या अंगाने कोणी विचारात घेतली नव्हती.

नदीकाठचा प्रदेश

आगीइतकीच गोव्यात पाण्याची काळजी करायला हवी. पेडणे तालुका तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. केरी-तेरेखोलची फेरीबोट, शिवोली-चोपडे पूल, पावसाळ्यात रस्त्याच्या पातळीला येणारे ओहोळ हे येथील नित्याचे प्रवासमार्ग. २०२२ च्या जुलैअखेर मध्यरात्री जुवारी पुलाचा कठडा तोडून मोटार नदीत कोसळली आणि चौघांना जलसमाधी मिळाली, ती आठवण अजून ताजी आहे. ती विद्युत मोटार नव्हती, आणि इतक्या उंचीवरून पडल्यावर दाराचा प्रश्न कदाचित दुय्यमही असेल. परंतु फेरीच्या उतारावरून घसरलेल्या किंवा शेताच्या कडेने पाण्यात गेलेल्या गाडीत तो मुख्य असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासमध्ये अँजेला चाओ या उद्योजिकेची मॉडेल एक्स गाडी मागे घेताना घराजवळच्या तळ्यात गेली. जहाजव्यवसायातील मोठ्या कंपनीच्या त्या प्रमुख होत्या आणि अमेरिकेच्या माजी परिवहन मंत्री इलेन चाओ यांच्या भगिनी. मदतीला माणसे आली होती, पण गाडीतून त्यांना जिवंत काढता आले नाही.

पाण्यात गेलेल्या गाडीचे दार, मग ते कोणत्याही प्रकारचे असो, भरवशाचे नसते. दार एक मीटर रुंद धरले आणि बाहेर त्याच्या तळापासून अर्धा मीटर पाणी चढले असे मानले, तर आत पाणी शिरण्यापूर्वी त्या दारावर सुमारे सव्वाशे किलो वजनाइतका दाब असतो. पाणी एक मीटर चढले तर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्त, ज्यांनी बुडणाऱ्या मोटारींचे प्रत्यक्ष प्रयोग केले आहेत, ते दाराकडे जाऊच नका असे सांगतात. गाडी पाण्यावर तरंगते तो पहिला अर्धा ते एक मिनिट हाच खरा वेळ. त्यात पट्टा सोडायचा, खिडकी उघडायची, मुलांना आधी काढायचे आणि मग स्वतः निघायचे. काचेचे बटण पाण्यात पडल्यावरही बहुधा थोडा वेळ चालते, पण पाणी काचेपर्यंत चढले की मोटरला ती सरकवता येत नाही. फोन लावत बसणे हा या मिनिटाचा सर्वांत वाईट उपयोग.

खिडकी उघडली नाही तर काच फोडावी लागते, आणि येथे आणखी एक नवी अडचण आहे. पूर्वी बाजूच्या काचा टफन्ड असत. कोपऱ्यात टोकदार घाव बसला की त्यांचा चुरा होई. आता आवाज कमी यावा म्हणून महागड्या गाड्यांत बाजूलाही लॅमिनेटेड काच बसवतात, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. ती तडकते, पण फुटून पडत नाही. अमेरिकेतील एएए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये काच फोडण्याची सहा साधने तपासली. चार साधनांनी टफन्ड काच फोडली. लॅमिनेटेड काच एकानेही फुटली नाही. आपल्या गाडीची काच कोणती, हे काचेच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरांत लिहिलेले असते. अनेक गाड्यांत पुढची लॅमिनेटेड आणि मागची टफन्ड असते, तेव्हा हातोडीचा घाव कोठे घालायचा हे आधी ठाऊक हवे. आसनाची उशी काढून तिच्या दांड्यांनी काच फोडता येते, आणि त्या दांड्या त्यासाठीच दिलेल्या असतात, असा संदेश फोनवर अधूनमधून फिरतो. त्यातला दुसरा भाग खरा नाही, आणि पहिल्यावर विसंबून राहू नये. स्प्रिंगचे टोक असलेले छोटे साधन हाताशी, म्हणजे चालकाच्या दाराच्या खणात असावे. डिकीत ठेवलेली हातोडी डिकीतच बुडते.

गाडी हातात घेताना

नवी गाडी विकणारे दालन ग्राहकाला पडद्यावरील गाणी, आवाजाने चालणारी वातानुकूलन यंत्रणा, छताचा रंगीत प्रकाश हे सारे अर्धा तास दाखवते. त्यात चारही दारे विजेवाचून कशी उघडतात याचे प्रात्यक्षिक मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. सांगून नव्हे, करून. आणि ते पाहायचे चालकाने नव्हे, तर मागे बसणाऱ्यांनी. घरातील आजीला, शाळकरी मुलाला स्वतःच्या हाताने ती कडी एकदा ओढू द्यावी. चौकट नसलेल्या दाराची काच खाली न सरकता दार उघडले तर कडेची पट्टी बिघडण्याचा संभव असतो, म्हणून हा सराव आधी खिडकी उघडून करावा. मोपला भाड्याने गाडी देणाऱ्यांनी हेच पाहुण्यांना दाखवावे. ओरखड्यांची छायाचित्रे काढण्याहून याला कमी वेळ लागतो. राज्याच्या वाहतूक खात्याने रेंट-अ-कॅबच्या परवान्यात ही एक अट घालणे फार अवघड नसावे. मागच्या दारावर, डोळ्यांच्या पातळीला, अंधारात चमकणाऱ्या बाणाची एक पट्टी चिकटवायला तर नियमाचीही गरज नाही.

अग्निशमन जवानांसाठी युरोपात प्रत्येक मोटारीची तार कोठे कापावी आणि दार कोठून उघडावे हे दाखवणारे पत्रक फोनवर मिळते. तेथील सुरक्षा मानांकनाने २०२६ पासून टकरीनंतर बाहेरच्या कड्या चालतात की नाही हेही गुणांकनात धरले आहे. भारतात २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झालेल्या भारत एनकॅपला हा कित्ता गिरवता येईल. पेडण्याच्या अग्निशमन केंद्रातील जवानाला प्रत्येक नव्या मॉडेलची दारे तोंडपाठ असावीत ही अपेक्षा रास्त नाही. ती माहिती त्याच्या फोनवर क्षणात यावी ही रास्त आहे.

राहिला प्रश्न उभ्या गाडीचा. आपल्या भागात आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाची मोटार महिनोन्महिने अंगणात झाकून ठेवलेली असते. विद्युत मोटारीची मोठी बॅटरी या काळात टिकून राहते, लहान बॅटरी मात्र हळूहळू उतरते, आणि समुद्राकडच्या खाऱ्या दमट हवेत तिच्या टोकांवर पांढरी बुरशी धरते. पडदा सुरू व्हायला वेळ लागू लागला, कडी बाहेर येताना अडखळली, बॅटरीचा इशारा दिसला, की ती गाडी मुलांना खेळायला देण्याच्या लायकीची नाही असे समजावे. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम् जिल्ह्यात उभ्या मोटारीत खेळायला शिरलेली चार मुले दार न उघडल्याने गुदमरून गेली. वापरात नसलेली गाडी कुलूपबंद हवी आणि तिची चावी मुलांच्या हाताबाहेर. मूल आत अडकलेच, तर ११२ वर कळवतानाच काच फोडण्याची तयारी करावी. आणि घाव घालावा तो मुलापासून सर्वांत दूर असलेल्या खिडकीवर.